सहाव्या नंबरची गोष्ट

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी म्हणजे आठवड्यातून चार पिरियड आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला निबंध, एवढाच संबंध. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी, म्हणजे माझ्याच रूम पार्टनरने, दुरुस्त केल्या आहेत. त्यामुळे ज्या उरल्या असतील त्या त्याच्या! पण ही गोष्ट इंग्लिश विभागात द्यावीशी वाटली नाही. मातीतल्या माणसाची गोष्ट आहे, ती मराठीतच शोभते.

गोष्टीची सुरुवात मात्र माझ्या फजितीपासून होते.

मागच्या गॅदरिंगला आपल्या हॉस्टेलची सायकल रेस झाली होती, हॉस्टेल ते पवनारचा पूल आणि परत. त्यात माझा पहिला नंबर आला. आठवडाभर मी हिरो होतो. मेसमध्ये पोह्यांवर न मागता दुसऱ्यांदा तर्री मिळायची, यावरून समजून घ्या. तेवढ्यात वर्ध्यात एक मोठी सायकल स्पर्धा होणार असल्याचं कळलं. त्यात दोन गट होते, एक विद्यार्थी गट आणि एक खुला गट. शहाण्या माणसाने विद्यार्थी गटाचा फॉर्म भरला असता. पण आमच्या विंगमधल्या पोट्ट्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी खुल्या गटात नाव दिलं.

स्पर्धेच्या सकाळी स्टार्ट लाईनवर पोचलो तेव्हाच पोटात गोळा आला. आजूबाजूला नागपूर-अमरावतीकडचे पक्के रेसर होते. बोटाएवढे बारीक टायर, गिअरच्या सायकली, हेल्मेट, पॅडलमध्ये अडकणारे बूट. माझ्याकडे सिनियरकडून अठराशे रुपयांना घेतलेली साधी सायकल, वजन कमी व्हावं म्हणून आदल्या रात्री तिचा कॅरिअर काढून ठेवलेला. सेलूच्या दिशेने पहिले तीन किलोमीटर मी त्यांच्या घोळक्यात टिकलो. मग तो घोळका एखाद्या बससारखा माझ्यापुढून निघून गेला.

नंतर रूमवर बसून गणित केलं. माझ्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळजवळ अडीच फेरे. मिनिटाला ९० वेळा पॅडल मारलं तरी वेग तासाला २९ किलोमीटरच्या आसपासच जातो. ते पस्तीसने चालले होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी पॉवर घनाने. २८ वरून ३५ वर जायला जवळजवळ दुप्पट पॉवर लागते. शिवाय ते एकमेकांच्या मागे लपून हवा चुकवत होते, आणि मी एकटाच हवा खात होतो. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर मी पास झालो होतो, पण विषय त्या दिवशी रस्त्यावर समजला.

३४ जणांत माझा नंबर ३१ वा आला. मागे राहिलेल्या तिघांपैकी दोघांची सायकल पंक्चर झाली होती. मी पोचलो तेव्हा फिनिशचा कापडी बॅनर गुंडाळणं चालू होतं. त्यानंतर आठ दिवस मी मेसमध्ये सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर जायचो.

त्या रेसमध्ये मागचं चाक आउट झालं होतं. ते घेऊन एका संध्याकाळी आमच्या वर्कशॉपच्या सरांकडे गेलो. सर मूळचे कराडकडचे. नोकरीच्या निमित्ताने वर्ध्याला आले आणि इथल्या उन्हासकट इथलेच झाले. स्पोक आवळता आवळता त्यांनी माझा नंबर विचारला. मी खाली मान घालून सांगितला. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या सर्वांत हलक्या वजनगटात सहावा कोण आला होता. मला काय माहीत! जीकेच्या पुस्तकात सुवर्ण, रौप्य आणि कांस्यवाल्यांची नावं असतात, सहाव्याचं कुठे असतं? सरांनी उत्तर दिलं नाही. लायब्ररीत जाऊन शोध म्हणाले आणि चाक माझ्या हातात दिलं.

मी शोधलं. सहावे आले होते खाशाबा दादासाहेब जाधव. पुढे जे वाचलं आणि सरांकडून ऐकलं, ते तुम्हाला सांगतो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडजवळ, सातारा जिल्हा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. अशा घरात पोराला चालता यायला लागलं की त्याची पावलं आपोआप आखाड्याकडेच वळतात. त्यांचं शाळेचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. ते दिवस १९४२ च्या चळवळीचे. सातारा जिल्हा तर तेव्हा पेटलेलाच होता. शाळकरी खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा द्यायला मदत केली होती असं त्यांच्या चरित्रात येतं. आपल्याकडे सेवाग्रामहून ज्या चळवळीची दिशा ठरली, तिचं एक टोक असं त्या कराडच्या मुलाच्या हातात होतं, हे वाचून मला गंमत वाटली.

शाळेनंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान तिथलंच. तिथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली. शरीर बेताचं, उंची बेताची. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो डोंगर उभा राहतो, तसे ते अजिबात नव्हते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत क्रीडा शिक्षकांनी त्यांची चण बघून त्यांना घ्यायला नकार दिला, मग ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि एकेका मोठ्या मल्लाला पाडून दाखवलं, अशी गोष्ट सांगतात. ताकदीत कमी पडेल ते त्यांनी चपळाईने आणि डावाने भरून काढलं होतं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याचंच वजन वापरून त्याला फेकायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा खेळ सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक होणार होतं. स्वतंत्र भारताचं पहिलंच ऑलिंपिक. खाशाबांची निवड झाली आणि कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च उचलला. वय २२. आता इथे नीट लक्ष द्या. हा मुलगा आयुष्यभर लाल मातीत खेळलेला. आपल्याकडची माती म्हणजे तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली. त्यात पाय रुततो आणि पकड घट्ट बसते. कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते. लंडनला मात्र मॅट. घर्षण वेगळं, पायाची ठेवण वेगळी, पवित्रा वेगळा. शिवाय मिनिटांचा हिशोब आणि पंचांचे नियम, आणि हे सगळं परक्या भाषेत. समोरचे खेळाडू त्या मॅटवरच लहानाचे मोठे झालेले. म्हणजे माझी साधी सायकल आणि त्यांच्या गिअरच्या सायकली, तसलाच प्रकार. फरक एवढाच की इथे सगळं जग बघत होतं.

लंडनमध्ये अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या कुस्तीचं मार्गदर्शन केलं. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवलं. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. मग इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. शेवटी नंबर आला सहावा.

सहावा नंबर म्हणजे पदक नाही. फुलांचा हार नाही. त्याच लंडनमध्ये आपल्या हॉकी संघाने इंग्रजांना त्यांच्याच घरी हरवून सुवर्ण जिंकलं होतं. देशाचं लक्ष तिकडे, आणि ते साहजिकच होतं. पण कुस्तीत त्याआधी इतक्या वरपर्यंत फारसं कोणी पोचलेलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे खाशाबांना स्वतःला काहीतरी कळलं होतं. हे लोक वेगळ्या मातीचे नाहीत, फक्त वेगळ्या मॅटवरचे आहेत. मॅट शिकता येते.

मग पुढची चार वर्षं त्यांनी मॅट शिकण्यात घालवली. एवढंच नाही, तर ते वरच्या वजनगटात गेले, बँटमवेट म्हणजे ५७ किलो. तिथे स्पर्धा आणखी कठीण. मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. मी ३१ वा आल्यावर पुढच्या वेळी गपगुमान विद्यार्थी गटात जायचं ठरवलं होतं. हा माणूस सहावा आल्यावर वरच्या गटात गेला!

१९५२ चं ऑलिंपिक फिनलंडमधल्या हेलसिंकीला होतं. तिथे जाण्याची वाट मात्र कुस्तीपेक्षा अवघड निघाली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एका गुणाने मुद्दाम मागे ठेवलं गेलं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते रडत बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा लावली गेली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला हरवून आपली जागा मिळवली.

जागा मिळाली, पण पैसे? त्या काळी आतासारखे प्रायोजक नव्हते. ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश, खेळावर पैसे कमावणारा चालायचा नाही. मग शेतकऱ्याच्या पोराने युरोपचं भाडं आणायचं कुठून? मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे मदत मागितली, तेव्हा आधी निराशाच पदरी पडली. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. ज्याला जेवढं जमलं तेवढं त्याने दिलं. तरी कमीच पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याला दिले.

लायब्ररीत हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं! तेही विद्यार्थी जिंकून आल्यावर नाही, जाण्याआधी. तेव्हा हातात होता फक्त एक सहावा नंबर. त्या सहाव्या नंबरावर कोणत्या बँकेने कर्ज दिलं असतं? पण खर्डेकर सरांनी आपलं छप्पर लावलं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियां पोलिकॅंला हरवलं, मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवलं, जर्मनीच्या श्मिट्झलाही हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. कुस्ती खूप वेळ चालली आणि खाशाबा हरले. दमछाक झालेली असताना लगेच त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी असा नियम होता म्हणतात. पण हा नियम दाखवून बाजू मांडायला आपल्या पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. मल्ल एकटा, दमलेला, भाषा परकी. ते तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते जिंकणारा माणूस २६ वर्षांचा, एका खेड्यातला. त्याच पथकातले कोल्हापूरचे के. डी. माणगावे यांचं पदक थोडक्यात हुकलं, तेही लक्षात ठेवायला हवेत. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं आणि खाशाबांच्या कांस्यपदकाची बातमी त्याखाली झाकली गेली.

देशाने झाकली, पण कराडने नाही. खाशाबा परतले तेव्हा स्टेशनवर माणसांचा समुद्र होता. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी तासन् तास लागले. कल्पना करा मित्रांनो, १५१ बैलगाड्या! आपल्याकडे पोळ्यालाही एका रांगेत इतक्या जोड्या दिसणं कठीण.

आणि या सगळ्या गुलालातही खाशाबा एक गोष्ट विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यातून पैसे उभे केले आणि पहिलं काम केलं ते खर्डेकर सरांचं घर सोडवण्याचं. पदक देशाचं, पण घर सरांचं. ते परत मिळायलाच हवं होतं.

सिनेमा असता तर गोष्ट इथे संपली असती. पण आयुष्य पुढे चालू राहतं. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला दुखापत झाली आणि ते दार बंद झालं. नोकरीत बढती उशिरा मिळाली. सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत त्यांना मशाल दौडीत मान मिळाला, तेवढाच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. वय फक्त ५८.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, लिएंडर पेस, टेनिसमध्ये कांस्य. म्हणजे ४४ वर्षं. कुस्तीतलं दुसरं पदक तर २००८ मध्ये सुशीलकुमारने आणलं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. मान मिळाला, पण तो बघायला माणूस नव्हता.

हे सगळं वाचून मी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेलो. सरांना म्हटलं, सहावा कोण ते कळलं. सर हसले. मग मी त्यांना माझी शंका विचारली. खाशाबा सहावे होते, सगळ्या जगात. मी ३१ वा आहे, तेही ३४ जणांत. तुलना कशाची करायची? सरांनी सांगितलं की तुलना नंबराची नाहीच. लंडनहून परत येताना खाशाबा आपण कुठे कमी पडलो ते नेमकं घेऊन आले होते. त्यांनी मला विचारलं की मी त्या रेसमधून काय घेऊन आलो.

मी विचार केला. माझ्याकडे काहीतरी होतं खरं. गिअर रेशो कमी पडतो हे कळलं होतं. एकट्याने हवा कापू नये, पुढच्याच्या चाकामागे राहावं हे कळलं होतं. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये जीव तोडू नये हेही कळलं होतं. आठ दिवस लाजेखाली हे सगळं दडपून ठेवलं होतं, इतकंच.

सरांनी ड्रॉवरमधून एक जुनं, तेल लावून कागदात गुंडाळलेलं फ्रीव्हील काढलं. सोळा दात्यांचं. त्यांच्या स्वतःच्या तरुणपणच्या सायकलचं. माझ्या चाकावर बसवून दिलं आणि बजावलं की हे उसनं आहे, रेस झाल्यावर परत आणून द्यायचं. मी पुन्हा गणित केलं. ४४ भागिले १६, म्हणजे पावणेतीन. त्याच ९० फेऱ्यांत वेग बत्तीसच्या पुढे. पस्तीस नाही, पण घोळक्यात लपायला मिळालं तर पुरेल कदाचित. पाय मात्र माझेच लागतील.

आपल्या कॉलेजमध्येही असे सहाव्या, सोळाव्या आणि एकतिसाव्या नंबरवाले पुष्कळ आहेत. कोणी कविता करतो, कोणी रोबोट बनवतो, कोणी रात्री बारा वाजता टेरेसवर तबला वाजवून शिव्या खातो. ते एकदा बाहेरच्या मोठ्या मैदानात जातात, आपटतात, आणि परत येऊन गप्प बसतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आपटल्यावर पहिल्याच दिवशी वहीत लिहून काढा, नेमकं कुठे कमी पडलो. आणि आमच्या सर-मॅडमना नम्र विनंती. घर गहाण ठेवा असं आम्ही म्हणत नाही. कधी वर्कशॉपची किल्ली तासभर जास्त, कधी कागदात गुंडाळलेलं एखादं जुनं फ्रीव्हील, तेवढं पुरे होतं.

पुढच्या रेसचे फॉर्म आले आहेत. रूम पार्टनरने विचारलं, या वेळी काहून बे रिस्क घेतोस, विद्यार्थी गटात भर ना. मी खुल्या गटावर टिक केली आहे. कितवा येईन ते माहीत नाही. पण रेसनंतर सर्वांत आधी वर्कशॉपमध्ये जायचं आहे. फ्रीव्हील परत द्यायचं आहे.